दोन्ही नकाशांतून सुटलेलं बेट

आमच्या कचेरीत नदी काढायला पट्टी वापरायची बंदी होती. सरकारी हुकूम वगैरे काही नव्हता. बंदी आमच्या रेकॉर्डकीपरांची होती. रस्ता पट्टीनं काढा, बांध पट्टीनं काढा, कुणी काही म्हणायचं नाही. पण नदीवर पट्टी ठेवली रे ठेवली, की टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून खाकरल्याचा आवाज यायचा. मान वर करावी तर ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत असायचे.

"जनाब, नदी अशी सरळ जाताना पाहिली का तुम्ही?"

मी मुकाट्यानं खोडरबर शोधायला लागायचो.

"पाहिलं का?" हा सवाल नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकला, की फुलंब्रीला घरी जेवताना बायको म्हणाली, शेजारच्यांची म्हैस व्यायली, तर माझ्या तोंडून निघालं, "तू पाहिलंस का?" तिनं दोन दिवस अबोला धरला. मला मात्र त्यांचा राग येत नसे. खरं सांगायचं तर तेवढी हिंमतच नव्हती. मला त्यांची भीती वाटायची. ती भीती पुढं दुसऱ्याच कशात बदलली, आणि त्याला काय नाव द्यावं हे मला आज पुंडलिकनगरातल्या घरात नातवंडांच्या गोंगाटात बसूनही नीट सांगता येत नाही. माणसासमोर आपोआप उठून उभं राहावंसं वाटतं, तसलं काहीतरी.

औरंगाबादच्या आमच्या मोजणी कचेरीत जुने कागद सांभाळणं हे त्यांचं काम. मी नोकरीला लागलो तेव्हा पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, भिंतीवरची तसबीर बदलली. पण जमिनीचे जुने कागद होते तिथंच होते. लाल फडक्यांत बांधलेले बस्ते, छतापर्यंत रचलेले, आणि सगळे उर्दूत. तीही साधी नव्हे, शिकस्ता, म्हणजे घाईघाईत लिहायची मोडकी लिपी. ती वाचणारी माणसं एकेक करून कमी होत गेली. ह्यांचे दोन भाऊ हैदराबादला आणि तिथून आणखी लांब निघून गेले. हे राहिले. का राहिलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बस्ते वाचायला कुणी नको का?" मला हे उत्तर तेव्हा थट्टेचं वाटायचं.

चाळिशीला टेकल्यावर त्यांनी मुलीच्या पाटीवर मराठी बाराखडी गिरवली. आम्ही जन्माचे मराठी कारकून, आणि आमची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. ह्यांचं अक्षर छापल्यासारखं. साहेबांना पुण्याला काही महत्त्वाचं पाठवायचं असलं की मसुदा आमचा आणि अक्षर ह्यांचं.

रेकॉर्डरूमच्या दारात चपला काढायच्या, हात धुवायचे, कोरडे करायचे, मगच बस्त्याला हात लावायचा. हा नियम साहेबांनाही होता. एकदा मुंबईहून आलेले कुणी बडे अधिकारी बुटांसकट आत शिरले. हे स्वतःचा रुमाल काढून त्यांच्या मागं मागं फरशी पुसत चालले. तिसऱ्या पावलाला अधिकारी वळले आणि बूट काढून आले.

बस्ता कुठल्या तालुक्याचा ते हे वासावरून सांगायचे. मी आणि दुसरा एक कारकून, आम्ही दोघांनी ह्याची खातरजमा करायची ठरवली. एका दुपारी दोन बस्त्यांची फडकी अदलाबदल करून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वरचा उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला. "हा वैजापूरचा. फडकं गंगापूरचं आहे." त्यांनी फडक्याची गाठ सोडली. "तिथल्या दफ्तरखान्यात पाणी गळायचं. कागदानं ओल धरली की जन्मभर सोडत नाही. आता फडकी बदलली तशी परत बदला." ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

तर अशा माणसाला कचेरीत पाठीमागं 'बेटवाले' म्हणायचे. चार वाजता चहा यायचा. बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून ते टेबलावर दोन वेड्यावाकड्या रेघा ओढायचे. ही गोदावरी. मधोमध एक थेंब. हे बेट. आणि मग गोष्ट सुरू व्हायची. नवा कारकून लागला की त्याला ती ऐकावीच लागे, आणि जुनेही आपापला कप घेऊन टेबलाशी सरकायचे.

बेट होतं पैठणच्या वरच्या अंगाला. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. म्हणजे नदी हीच सरहद्द, आणि सरहद्दीच्या मधोमध हे गाळाचं, वाळूचं चार-पाचशे पावलांचं बेट. त्यावर भोयांची नऊ घरं. पावसाळ्यात ती माणसं नाव चालवायची, आणि पाणी उतरलं की वाळूत टरबुजांच्या वाड्या लावायची. "टरबूज असं, की सुरी नुसती टेकवली तर फाटायचं," ते सांगायचे, आणि हे मात्र स्वतः पाहिलेलं, खाल्लेलं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

बेट आमचं, असं अलीकडचं गाव म्हणायचं. बेट आमचं, असं पलीकडचं. टरबुजाच्या हंगामात काठ्या निघायच्या, डोकी फुटायची. मग कागद निघायचे. हैदराबादहून इंग्रजांच्या रेसिडेंटाकडे, तिथून मुंबईला, मुंबईहून नगरला, आणि नगरहून त्याच वाटेनं परत. कागदाची फेरी पुरी होईतो नदीला दोन-तीन पूर येऊन जायचे, आणि ज्या बेटाबद्दल लिहिलं त्याची शेपटी भलतीकडेच सरकलेली असायची. शेवटी दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्यांनीच तोड काढली. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पूर ओसरला की दोन्ही गावं काठांवर जमायची, आणि वरच्या डोहातून एक वाळलेला भोपळा पाण्यात सोडायचा. भोपळा जाईल तिथं नदीची खोल धार. तो बेटाच्या पलीकडून गेला, तर खोल धार पलीकडे, म्हणजे बेट आमच्या काठाला लागून; त्या वर्षी बेट निजामाचं. अलीकडून गेला, तर बेट इंग्रजांचं.

"दोन सरकारं, दोन फौजा," ते म्हणायचे, "और फैसला कौन करता? भोपळा."

त्या भोपळ्याच्या गोष्टी तर अशा, की हसून हसून चहा नाकात जायचा. एका वर्षी पलीकडच्यांनी भोपळ्यात एका अंगाला वाळू भरली. तो गोल गोल फिरत राहिला आणि शेवटी बुडाला. एका वर्षी आमच्याकडच्या एकानं पाण्याखालून पोहत भोपळा ढकलायचा घाट घातला; ऐन मधोमध त्याचा दम संपला आणि दोन्ही गावांच्या देखत तो भोपळा डोक्यावर घेऊन वर आला. आणि एका वर्षी भोपळा बेटाच्या टोकालाच अडकून बसला. ना अलीकडे, ना पलीकडे. पंचांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग ठरवलं, की ह्या वर्षी बेट कुणाचंच नाही. "त्या वर्षी भोयांनी दोन लग्नं लावली," ते सांगायचे. "कोणाला काही द्यायचं नव्हतं ना."

इथवर आलं की आम्ही हसत असायचो आणि त्यांचं हसू मात्र थांबलेलं असायचं. ते रुमालानं टेबल पुसायचे, नदी आणि बेट दोन्ही, आणि कामाला लागायचे. मला वाटायचं, चहा संपला म्हणून.

मग पैठणला धरण बांधायचं नक्की झालं, आणि नदीकाठची गावं पाण्याखाली जाणार म्हणून पुनर्वसनाच्या याद्या सुरू झाल्या. ज्याचं गाव जाईल त्याला दुसरीकडे घराला जागा आणि कसायला जमीन मिळणार होती. बेटाच्या अलीकडच्या गावात शाळेच्या पटांगणात सुनावणी लागली, तेव्हा गावचा नकाशा घेऊन हे गेले आणि नकाशाची नळी धरायला मी. बेट मी त्या दिवशी पहिल्यांदा लांबून पाहिलं. इतकी वर्षं चहात बघितलेला थेंब खरोखरच तिथं होता, त्यावर बाभळी होत्या, आणि एका घरातून धूर निघत होता.

पुनर्वसनाचे अधिकारी तरुण होते, आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी नऊ घरांच्या माणसांना समोर बसवलं आणि विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

भोई एकमेकांकडे बघायला लागले. अलीकडच्या गावचे पाटील म्हणाले, "आमचं नाय, साहेब. नकाशात हाय का बघा की. बेटाचा आन् आमचा संबंध काय?" पलीकडच्या गावचेही लोक आले होते, ते म्हणाले, "आमच्यात बी नाय." पिढ्यान् पिढ्या बेट आमचं, आमचं म्हणून डोकी फोडणारे हे लोक. पण आता मिळणारी जमीन गावात वाटून घ्यायची होती, आणि नऊ घरं वाढली की वाटणी बारीक होणार होती. मला त्या दिवशी माणसाच्या जातीचीच किळस आली, आणि मी काही फार सोवळा नाही.

भोयांमध्ये सोनाबाई नावाची एक पन्नाशीची बाई होती. बाकीच्यांच्या वतीनं तीच बोलायची. ती म्हणाली, "माझं लगीन हून मी बेटावर आले, तवापासून ह्या दोगांची बी मानसं आमची टरबुजं उचलून नेतात. तवा आमी कुनाचे व्हतो, येवढं इचारा की त्येंला."

अधिकाऱ्यांनी नकाशा उलगडायला सांगितला. नकाशात नदी होती, आणि नदीच्या पोटात कोरा कागद. कडेला उर्दूत एक ओळ होती. अधिकाऱ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ती वाचली: "बेट उस पार का है. मोजणीत घेतलं नाही."

"मग हे लोक धरणाची जमीन मिळावी म्हणून आत्ता येऊन बसले नाहीत, हे मी कशावरून मानू?" अधिकारी म्हणाले. "महिनाभर देतो. कागद आणा. नाहीतर मला नावं घालता येणार नाहीत."

पुढच्या आठवड्यात हे मला घेऊन नगरला गेले. तिथल्या कचेरीत पलीकडच्या गावचा जुना नकाशा काढून घेतला. नदी होती, आणि पोटात कोरा कागद. कडेला मोडीत एक ओळ. तिथल्या कारकुनानं ती लावून दाखवली: नदीतील बेट निजामाच्या हद्दीतले, सबब मोजलेले नाही.

त्यांनी ती ओळ त्याच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतली. मग आम्ही एसटी स्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो.  त्यांनी डबासुद्धा उघडला नाही.

"त्यांची मोजणी झाली त्या वर्षी भोपळा पलीकडून गेला असेल," शेवटी ते म्हणाले. "त्यांनी आमचं म्हणून सोडलं. आमची झाली त्या वर्षी भोपळा अलीकडून गेला. आम्ही त्यांचं म्हणून सोडलं. दोघं बी इमानदार, जनाब. दोघांनी भोपळ्याचं ऐकलं."

"आपला मोजणीदार कोण होता?" मी विचारलं.

"मी."

ते तरुणपणी मोजणीदार होते, पैठण तालुक्यातली पस्तीस-चाळीस गावं त्यांनी साखळी ओढत मोजली होती, हे आम्हाला माहीत होतं. ते गाव त्यातलंच, हे मात्र इतक्या वर्षांत, इतक्या चहांत, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रेकॉर्डरूममध्ये बोलावलं. चपला काढल्या, हात धुतले. इतक्या बस्त्यांतून एक बस्ता त्यांनी न शोधता काढला, आणि त्यातलं एक पान माझ्यापुढं ठेवलं. ते जमिनीवर उभं राहून पेन्सिलीनं काढलेलं कच्चं टिपण होतं. बेट होतं. चारी अंगांनी साखळीची मापं घातलेली. मध्ये नऊ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक ठिपका. ठिपका कसला, विचारलं तर म्हणाले, "चूल. जिथं चूल दिसली तिथं ठिपका दिला." खाली तारीख आणि सही.

बेट त्यांनी मोजलं होतं. दोन दिवस तिथं राहून, त्याच माणसांच्या हातचं जेवून, नीट मोजलं होतं. पण पक्का नकाशा काढायला बसले तेव्हा त्यांना आठवलं, की औंदा बेट पलीकडचं आहे. दुसऱ्याची जमीन आपल्या नकाशात ओढणं म्हणजे चोरी, असं वाटलं त्यांना. "नियम काय होता? डोळ्याला दिसेल ते काढायचं. कोणाचं आहे ते वर ठरवतील. मी मोजणीदार होतो, काझी बनून बसलो." त्यांनी चष्मा काढला. "पाहिलं होतं, जनाब. पाहिलं आणि लिहिलं नाही."

आता इथं माझं मला सांगायला हवं, कारण ते सोडून दिलं तर त्यांच्याबद्दल लिहायचा मला हक्क राहत नाही. मी त्यांना एक तोड सुचवली. मी म्हणालो, टिपण दाखवूया. त्यानं बेट आणि घरं तेव्हा होती हे सिद्ध होतं. पण सही कुणाची, हे कशाला सांगायचं? सही शिकस्तात आहे. जुन्या कुणातरी मोजणीदाराचं टिपण, सही लागत नाही, एवढंच म्हणायचं. तुम्ही चार महिन्यांत निवृत्त होणार. केलेल्या कामावर चिखल कशाला उडवून घ्यायचा? आणि बेट कुणी सोडलं ते नाव बाहेर आलं की लोक काय बोलतील, निजामाचा माणूस, मुद्दाम वगळलं, हेही मी सांगितलं. हे मी काळजीनंच म्हणत होतो. शेवटी म्हणालो, "ही सही वाचणारा तुमच्याशिवाय कचेरीत आहेच कोण?"

ते माझ्याकडे रागावून पाहतील असं वाटलं होतं. त्यांनी टिपणाची घडी नीट बसवली.

"दुसरा कोणी नाही," ते म्हणाले, "म्हणून तर मीच वाचली पाहिजे."

दुसऱ्या सुनावणीला तेच पटांगण, तीच माणसं. शेरवानी ते एरवी ईदेलाच घालायचे. त्या दिवशी घालून आले होते. उभं राहून त्यांनी टिपण वाचलं. पूर्वेची बाजू इतक्या साखळ्या, पश्चिमेची इतक्या. घरं नऊ, चुली नऊ, कुटुंबप्रमुखांची नावं ही ही. एकेक नाव ऐकताना भोयांतली म्हातारी माणसं मान वर करत होती, कारण ती त्यांच्या बापांची, चुलत्यांची नावं होती. मग त्यांनी तारीख वाचली, आणि मग सही. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, हुद्दा, सगळं खणखणीत. "हा मी," ते म्हणाले. "हे बेट मी मोजलं आणि नकाशातून मी सोडलं. ह्या लोकांचं गाव हेच, अलीकडचं. कसूर माझा आहे, ह्यांचा नाही."

 अधिकारी लिहीत होते, त्यांचं लिहिणं थांबलं.

सोनाबाई उठली. तिनं त्यांना आधी ओळखलं नव्हतं. आता जवळ येऊन चेहरा निरखला.

"म्हंजी तुमाला आमी दिसलो व्हतो," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

"हौ, बाई," ते म्हणाले. "दिसला होतात."

"मंग साळा नाय, दवाखान्याची नाव नाय, रेशनाचं कारड नाय. दर बारीला कचेरीतली मानसं म्हनायची, तुमी कागदावर नाय. आमाला वाटायचं, सरकारचं मानूस कधी बेटावर आलंच नसंल."

ते हात जोडून उभे राहिले.  तिनं त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आता लिवा म्हनावं त्येंला," आणि जागेवर जाऊन बसली.

नावं लिहिली गेली. पाटील कुरकुरले, पण पाटलांच्या आजोबांचीच 'बेट आमचे' म्हणून केलेली अर्जी ह्यांनी त्याच बस्त्यातून काढून आणली होती. पुढं त्या नऊ घरांची, तोवर त्यांची तेवीस झाली होती, वस्ती पाचोडच्या बाजूला झाली. जमीन मिळाली, पोरं शाळेत गेली.

आमच्या कचेरीत मात्र व्हायचं ते झालं. आमच्या साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं. मोजलेली जागा स्वतःच्या मर्जीनं वगळली असं मोजणीदार स्वतः लिहून देतो, तर त्यानं मोजलेल्या बाकीच्या गावांचा भरवसा काय? साहेबांचंही चुकत नव्हतं. त्यांनी हुकूम काढला, की ह्यांच्या सहीच्या प्रत्येक नकाशावर 'फेरमोजणीस पात्र' असा लाल शाईत शेरा मारावा. मी शिक्का बनवून आणतो म्हणालो. शिक्क्यानं निदान काम पटकन तरी उरकलं असतं. त्यांनी साहेबांकडे एकच विनंती केली: शेरा मी हातानं लिहीन.

आठ दिवस ते शेरे लिहीत होते. तरुणपणी उन्हातान्हात साखळ्या ओढून मोजलेली ती गावं, एकेक नकाशा उलगडायचे, कोपऱ्यात ते छापल्यासारखं अक्षर, फेरमोजणीस पात्र, खाली सही, तारीख. मी टीपकागद दाबायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी मला काही ते बघवेना. मी तोंड फिरवलं तर म्हणाले, "जनाब, शाई ओली आहे, लक्ष द्या." शेऱ्याची ओळ एकाही नकाशात तिरपी गेली नाही. मी त्या आठ दिवसांत जे पाहिलं ते पुन्हा कुठं पाहिलं नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला ते जमणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

ते निवृत्त झाले. फेरमोजणी लगेच होते थोडीच, सरकारी काम. पण बांधांच्या तक्रारी घेऊन लोक यायला लागले, 'बेटवाल्याचा नकाशा आहे, खोटा असेल' असं म्हणायला लागले, आणि अखेर पाच-सहा वर्षांनी नव्या मोजणीदारांची एक तुकडी नेमावी लागली. दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे त्यांनी ती गावं नव्यानं मोजली, निदान जेवढी पाण्याच्या वर राहिली तेवढी. तोवर धरण भरलं होतं आणि बेटावर उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं.

फेरमोजणीचा अहवाल पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला. मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि रजेचा अर्ज न देताच कचेरीतून निघालो. शहागंजच्या मागं त्यांचं घर. उन्हाची वेळ होती. ते अंगणात खाटेवर बसले होते, दृष्टी बरीच गेली होती, मुलगी शेजारी तांदूळ निवडत होती. मी धापा टाकत होतो. मुलीनं पाणी आणून दिलं, ते मी तसंच हातात धरलं.

मी सांगितलं, फरक कुठंच नाही. एका गावातही नाही. एवढ्या साऱ्या नकाशांत साखळीच्या एका कडीचा फरक निघाला नाही. सगळे शेरे काढायचा हुकूम होतोय. नवे मोजणीदार तुम्हाला भेटायला येणार आहेत, ते म्हणतात, असं काम आम्ही पाहिलं नाही.

मुलगी रडायला लागली. मी अहवाल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. त्यांचा हात खाटेच्या कडेवरून नुसता फिरत राहिला.

"बाकी कुठं चुकलो असतो तर चाललं असतं, जनाब," ते म्हणाले. "तिथं नुसती रानं होती, बांध होते, दगड होते. चुली बेटावरच होत्या."